८ मिनिटं ३३ सेकंदांत जगज्जेता! स्टीपलचेसचा निकाल वेळेवरून का ठरत नाही?

सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोत जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा झाली. पुरुषांच्या ३००० मीटर स्टीपलचेसची फायनल न्यूझीलंडच्या जॉर्डी बीमिशने ८ मिनिटं ३३.८८ सेकंदांत जिंकली. मोरोक्कोचा सुफियान एल बक्काली फक्त ०.०७ सेकंदाने मागे राहिला. हा दोनदा ऑलिंपिक आणि सलग दोनदा जागतिक सुवर्ण जिंकलेला माणूस. केनियाचा एडमंड सेरेम ८:३४.५६ वेळेसह तिसरा आला.

निकाल लागताच आपल्याकडे हिशेब सुरू झाला. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचा राष्ट्रीय विक्रम ८:०९.९१ आहे. म्हणजे विजेत्यापेक्षा जवळजवळ २४ सेकंद कमी. त्या वेगाने २४ सेकंद म्हणजे मैदानावर १४० मीटरचं अंतर. साबळे टोकियोला नव्हता. जुलैमध्ये मोनॅकोला डायमंड लीगमध्ये, म्हणजे दरवर्षीच्या आंतरराष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स स्पर्धांच्या मालिकेत, पाण्याच्या अडथळ्यावर तो पडला, गुडघा दुखावला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. ‘तो असता तर सोनं आपलंच होतं’ हे वाक्य त्यानंतर कितीतरी जणांकडून ऐकलं. चांगले जाणते, रोज पहाटे धावायला जाणारे लोकही त्यात होते.

हळहळ मलाही वाटते. पण हा हिशेब बरोबर नाही. तो का चुकतो, हे कळलं की ही शर्यत बघण्याची नजरच बदलते. म्हणून अगदी मुळापासून सुरुवात करू.

## ही शर्यत असते तरी कशी?

स्टीपलचेस ही अडथळे ओलांडत धावण्याची लांब पल्ल्याची शर्यत आहे. अंतर ३००० मीटर. सुरुवातीचा थोडा भाग मोकळा असतो आणि नंतर सात पूर्ण फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत पाच अडथळे असतात, आणि त्यातल्या चौथ्याच्या पलीकडे पाण्याचा खड्डा असतो. त्याला वॉटर जंप म्हणतात. एकूण २८ कोरडे अडथळे आणि ७ पाण्याचे, म्हणजे ३५ वेळा उडी.

पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटीमीटर, म्हणजे तीन फूट असते. ११० मीटर हर्डल्समध्ये पाय लागला की हर्डल पडतं आणि खेळाडू पुढे जातो. स्टीपलचेसचा अडथळा पडत नाही. तो ८० ते १०० किलो वजनाचा जाड लाकडी ओंडकाच असतो, सुमारे चार मीटर रुंद. त्याला पाय लागला तर पडतो तो माणूस.

या अडथळ्यावरून कसंही जायला परवानगी असते. हर्डल्ससारखं झेपावून जा, वर पाय ठेवून जा, हात टेकून गेलात तरी चालतं. अडथळ्याच्या बाजूने मात्र जाता येत नाही. तसं केलं की बाद.

पाण्याच्या खड्ड्याची रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. तो ३.६६ मीटर लांब असतो. अडथळ्याच्या अगदी पायथ्याशी पाणी सगळ्यात खोल असतं आणि पुढे तळ चढत चढत ट्रॅकच्या पातळीला येतो. म्हणजे जितकी लांब उडी, तितकं पाणी उथळ. बहुतेक जण अडथळ्यावर एक पाय ठेवतात, त्याच पायाने जोरात रेटा देतात आणि खड्ड्याच्या टोकाला दुसऱ्या पायावर उतरतात. घोट्याएवढ्या पाण्यात एक पाऊल पडतं आणि पुढचं थेट ट्रॅकवर. दमलेला धावपटू मात्र रेटा देऊ शकत नाही. तो जवळ पडतो, म्हणजे खोल पाण्यात पडतो. मग बूट जड, पाय खेचून काढायचा, आणि वेग पुन्हा शून्यातून कमवायचा. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये केनियाचा अ‍ॅमॉस बिवॉट सगळा खड्डाच ओलांडून कोरड्या पायांनी पलीकडे उतरत होता. सोनं त्यानेच जिंकलं.

## एक अडथळा किती सेकंदांना पडतो?

याचं ढोबळ उत्तर विश्वविक्रमांवरूनच मिळतं. अडथळे नसलेल्या ३००० मीटरचा विश्वविक्रम नॉर्वेच्या याकोब इंगेब्रिग्टसनच्या नावावर आहे, ७:१७.५५. स्टीपलचेसचा विश्वविक्रम इथिओपियाच्या लामेचा गिर्माचा आहे, ७:५२.११, जून २०२३ मध्ये पॅरिसला केलेला. दोन्हींत ३४.५६ सेकंदांचा फरक आहे आणि अडथळे आहेत ३५. म्हणजे जगातल्या सर्वोत्तम धावपटूंनाही प्रत्येक अडथळा साधारण एक सेकंदाला पडतो.

हा सेकंद सगळा हवेत जात नाही. अडथळ्याआधी पावलं जुळवावी लागतात. कुणी शेवटची दोन-तीन पावलं आखडतो, कुणी लांबवतो. ज्याला डाव्या आणि उजव्या दोन्ही पायांनी झेपावता येतं, त्याची लय कमी मोडते. साधारण दर ८० मीटरला ही लय मोडायची आणि पुन्हा बसवायची, असं आठ मिनिटं चालतं. स्टीपलचेसवाले साध्या शर्यतीपेक्षा जास्त थकतात त्याचं कारण उडीपेक्षा हे सतत मोडणं-जुळवणं आहे.

## मग फायनल इतकी संथ का झाली?

साबळेने ८:०९.९१ वेळ दिली ती ७ जुलै २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये. तिथे तो सहावा आला होता. डायमंड लीगमध्ये आयोजक पेसर आणतात. पेसर म्हणजे ठरलेल्या वेगाने काही फेऱ्या पुढे धावून नंतर बाजूला होणारा धावपटू. वेग राखण्याचं आणि समोरचा वारा झेलण्याचं काम तो करतो. बाकीच्यांनी फक्त मागे लागायचं. अशा शर्यतीत सगळ्यांना चांगली वेळ हवी असते, म्हणून सुरुवातीपासून वेग असतो.

जागतिक स्पर्धेत आणि ऑलिंपिकमध्ये पेसर नसतात. तिथे कुणाला वेळ नको असते, क्रमांक हवा असतो. जो पुढे जाऊन वेग वाढवेल त्याने वारा खायचा, शक्ती खर्च करायची, आणि शेवटच्या फेरीत मागचे ताजेतवाने येऊन त्याला ओलांडणार. मग हे काम करायचं कुणी? बऱ्याचदा कुणीच करत नाही. पंधरा-सोळा जण घोळक्याने धावत राहतात, एकमेकांकडे बघत, आणि खरी शर्यत शेवटच्या ४००-५०० मीटरमध्ये होते.

टोकियोत तेच झालं. एल बक्कालीने त्याच वर्षी मे महिन्यात राबातला ८:००.७० वेळ दिली होती. जपानच्या र्युजी मिउराने जुलैमध्ये ८:०३.४३ नोंदवली होती. म्हणजे साबळेचा विक्रम सोडाच, त्याहूनही कितीतरी वेगवान माणसं त्या फायनलमध्ये होती. त्यांच्यापैकी एल बक्काली दुसरा आला आणि घरच्या प्रेक्षकांपुढे धावणारा मिउरा आठवा. चांगली वेळ पाठीशी असण्यानेच सोनं मिळत असतं, तर ते साबळेच्या आधी या दोघांना मिळायला हवं होतं.

## संथ शर्यतीत फायदा कुणाचा?

ज्याच्याकडे अखेरची मुसंडी आहे त्याचा. धावपटू तिला ‘किक’ म्हणतात.

बीमिश मुळात १५०० मीटरचा माणूस. २०२४ मध्ये ग्लासगोच्या जागतिक इनडोअर स्पर्धेत त्याने १५०० मीटरचं सुवर्ण जिंकलं होतं, तेही मागून येऊन. शर्यत वेगवान झाली असती तर शेवटच्या फेरीपर्यंत त्याच्या पायांतली ती धार बोथट झाली असती. संथ झाली, म्हणून ती शिल्लक राहिली. शेवटच्या अडथळ्यानंतरच्या सरळ पट्ट्यात त्याने एल बक्कालीला गाठलं.

साबळेची ताकद वेगळ्या ठिकाणी आहे. २०२० मध्ये दिल्लीत त्याने अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली होती. ६१ मिनिटांच्या आत अर्धमॅरेथॉन धावणारा तो पहिला भारतीय. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसच्या सुवर्णासोबत ५००० मीटरचं रौप्यही त्याने घेतलं. हे सगळं दम टिकवणाऱ्याचं लक्षण आहे. त्याला चढा आणि एकसारखा वेग मानवतो. शेवटच्या २०० मीटरला अचानक उसळून येणं हा त्याचा पिंड नाही.

## ‘असता तर’ची परीक्षा आधीच झाली आहे

टोकियोसारखीच संथ फायनल २०२२ मध्ये अमेरिकेत यूजीनला झाली होती, आणि त्यात साबळे होता.

तिथे एल बक्काली ८:२५.१३ मध्ये जिंकला. साबळेची तेव्हाची सर्वोत्तम वेळ ८:१२.४८ होती, म्हणजे विजेत्यापेक्षा जवळपास तेरा सेकंद सरस. निकाल? साबळे अकरावा, ८:३१.७५. घोळक्यात अडकला आणि वेग वाढला तेव्हा मागे पडला.

त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा. तिथे केनियाच्या धावपटूंनी वेग चढा ठेवला. साबळे त्यांना चिकटून राहिला आणि अब्राहम किबिवॉटच्या मागोमाग ८:११.२० मध्ये दुसरा आला. किबिवॉटची वेळ ८:११.१५. सुवर्ण ०.०५ सेकंदाने हुकलं. राष्ट्रकुलच्या या शर्यतीत १९९४ नंतर पहिल्यांदा केनियाबाहेरच्या पुरुषाला पदक मिळालं, आणि तो माणूस आष्टी तालुक्यातला होता. माझ्या मते साबळेची आजवरची सर्वोत्तम शर्यत हीच. हांगझोच्या सुवर्णापेक्षाही मोठी.

तोच धावपटू, तोच उन्हाळा. यूजीनला वेग संथ म्हणून अकरावा, बर्मिंगहॅमला वेग चढा म्हणून दुसरा.

## मग साबळेने एकट्याने वेग का वाढवू नये?

हा आक्षेप अगदी रास्त आहे. इतरांना संथ धावायचंय तर धावू द्या, आपण आपल्या वेगाने निघून जावं!

आशियाई पातळीवर साबळे हेच करतो. १ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोत तो पुढे निघाला, कुणाला मागे लागू दिलं नाही आणि ८:१९.५० वेळेसह स्पर्धाविक्रम करून जिंकला. २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या गुमीलाही त्याने आशियाई अजिंक्यपद ८:२०.९२ मध्ये जिंकलं. तिथे प्रतिस्पर्ध्यांना त्याचा वेग झेपत नव्हता.

जागतिक फायनलमध्ये मागे लागणारे ८:०० ते ८:०५ वाले असतात. ८:१० च्या वेगाने पुढे गेलात तर तुम्ही त्यांना दमवत नाही, उलट फुकटात पेसर पुरवता. पॅरिस ऑलिंपिकमध्ये साबळे सुरुवातीला आघाडीवर होता. नंतर गिर्मासाठी इथिओपियाच्या खेळाडूंनी वेग हातात घेतला आणि शर्यत खरोखर वेगवान झाली. एल बक्काली ८:०६.०५, अमेरिकेचा केनेथ रुक्स ८:०६.४१, किबिवॉट ८:०६.४७. साबळे ८:१४.१८ वेळेसह अकरावा. ऑलिंपिक स्टीपलचेसच्या फायनलमध्ये पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष, हे विसरू नये. पण संथ शर्यतीत अकरावा आणि वेगवान शर्यतीतही अकरावा, हे दोन आकडे शेजारी ठेवले की पदकाचं अंतर कुठे आहे ते स्वच्छ दिसतं.

रुक्सचं उदाहरण इथे महत्त्वाचं आहे. फायनलपूर्वी त्याची सर्वोत्तम वेळ ८:१५.०८ होती, साबळेपेक्षा वाईट. तो बहुतांश शर्यत मागे राहिला आणि शेवटच्या फेरीला एकदम सगळ्यांच्या पुढे गेला. पदकाच्या जवळपास कुणी त्याला धरलंही नव्हतं.

## संथ म्हणजे सोपी?

बिलकुल नाही. स्टीपलचेसमध्ये तर संथ शर्यत जास्त धोक्याची असते.

वेग असला की धावपटूंची रांग लागते. वेग नसला की घोळका होतो. चार मीटर रुंदीच्या अडथळ्याकडे पंधरा जण एकाच वेळी येतात. पुढे ट्रक असताना त्याला चिकटून गाडी चालवणाऱ्याला खड्डा चाकाखाली आल्यावरच कळतो, तसं मधल्या धावपटूचं होतं. पुढच्याची पाठ वर उचलली गेली म्हणजे अडथळा आला, एवढाच अंदाज. पावलं जुळवायला जागाही नाही आणि वेळही नाही. त्यात पुढचा अडखळला तर मागच्याने जायचं कुठे?

यूजीनच्या फायनलमध्ये तर एक कॅमेरामन दुसऱ्याच स्पर्धेचं चित्रण करत चक्क ट्रॅकवर उभा होता आणि धावपटू त्याला वळसा घालून गेले. शर्यत संथ होती म्हणून निभावलं.

पण वेगवान शर्यतही दयाळू नसते. पॅरिस ऑलिंपिकच्या शेवटच्या फेरीत गिर्माचा पाय अडथळ्याला लागला, तो डोक्यावर आपटला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. हा माणूस विश्वविक्रमवीर आहे. दोहा २०१९, टोकियो ऑलिंपिक (२०२१), यूजीन २०२२, बुडापेस्ट २०२३ असं चार वेळा त्याने रौप्य घेतलं. दोहाला तर केनियाच्या कॉन्सेस्लस किप्रुटोने त्याला ८:०१.३५ विरुद्ध ८:०१.३६ असं शतांश सेकंदाने हरवलं. इतिहासातली सर्वांत वेगवान वेळ गिर्माच्या नावावर आहे आणि टोकियो २०२५ पर्यंत ना ऑलिंपिकचं सुवर्ण आहे, ना मैदानी जागतिक स्पर्धेचं. वेळ म्हणजेच पदक समजणाऱ्याने गिर्माची कारकीर्द एकदा बघावी.

## दुसऱ्यामुळे पडलं तर काय?

पडलेल्याने उठून धावायचं, एवढाच पहिला नियम. टोकियोत बीमिश प्राथमिक फेरीत, म्हणजे हीटमध्ये पडला होता. मागून येणाऱ्याचा खिळ्यांचा बूट त्याच्या चेहऱ्याला लागला. तो उठला, पात्र ठरला आणि दोन दिवसांनी जगज्जेता झाला.

दुसऱ्याने अडवल्यामुळे नुकसान झालं असेल तर देशाचा संघ दाद मागू शकतो आणि रेफरी त्या खेळाडूला पुढच्या फेरीत जागा देऊ शकतात. २०१९ मध्ये दोहाला साबळेच्या बाबतीत हेच घडलं. हीटमध्ये इतरांच्या पडापडीत त्याचा खोळंबा झाला, भारताने दाद मागितली आणि त्याला फायनलमध्ये जागा मिळाली. तिथे तो तेरावा आला आणि ८:२१.३७ हा नवा राष्ट्रीय विक्रम झाला. फायनलमध्ये मात्र पुढची फेरीच नसते, त्यामुळे तिथे पडलेल्याला अशी भरपाई मिळणं जवळपास अशक्य.

## ही तर केनियाची शर्यत होती ना?

होती. १९६८ पासून २०१६ पर्यंत केनियाने ज्या ज्या ऑलिंपिकमध्ये भाग घेतला, त्या प्रत्येकात हे सुवर्ण जिंकलं. १९७६ आणि १९८० ला बहिष्कारामुळे ते नव्हते, म्हणून तेवढी दोन दुसऱ्यांकडे गेली. ही साखळी टोकियो ऑलिंपिकमध्ये एल बक्कालीने तोडली. केनियाचे तीन-चार जण मिळून शर्यतीचा वेग ठरवत असत, तेव्हा फायनल कशी जाईल याचा अंदाज बांधता यायचा. आता मोरोक्को, इथिओपिया, अमेरिका, जपान, न्यूझीलंड असे सगळे घोळक्यात असतात आणि वेग कुणाच्याच हातात नसतो. संथ फायनल वाढण्याचं हे एक मोठं कारण आहे, असं मला वाटतं.

## मग ८:०९.९१ ला किंमत काय?

खूप आहे. पॅरिस ऑलिंपिकसाठी आणि टोकियोच्या जागतिक स्पर्धेसाठी थेट प्रवेशाची वेळ ८:१५.०० होती. ही वेळ दिल्याशिवाय किंवा क्रमवारीत वर असल्याशिवाय तुम्ही स्टार्ट लाइनपर्यंत पोचतच नाही. गोपाल सैनींचा ८:३०.८८ हा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षं टिकला. साबळेने २०१८ मध्ये भुवनेश्वरला तो ८:२९.८० करून मोडला आणि सहा वर्षांत त्यातून आणखी वीस सेकंद कमी केले. बारावीनंतर सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये दाखल होऊन सियाचिनला तैनात राहिलेल्या जवानाने विशी उलटल्यावर सुरू केलेल्या खेळात हे केलंय. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरनेही २०१६ मध्ये रिओत याच शर्यतीच्या महिलांच्या फायनलमध्ये दहावा क्रमांक मिळवला होता. दुष्काळी पट्ट्यातल्या या दोघांनी देशाला स्टीपलचेस बघायला शिकवलं.

पण आठ मिनिटं दहा सेकंद ही प्रवेशाची पावती आहे. त्यापुढे दोनच वाटा उरतात. एक तर शेवटच्या फेरीचा वेग वाढवायचा, म्हणजे १५०० मीटरच्या सरावाला जास्त वेळ द्यायचा. नाहीतर ८:०५ च्या आत येऊन, हजार-बाराशे मीटर उरले असताना इतकं जोरात निघायचं की किकवाल्यांची किकच संपून जाईल. शस्त्रक्रिया झालेला गुडघा घेऊन परतणाऱ्या तिशीतल्या खेळाडूसाठी दोन्ही अवघड आहे. मला दुसरी वाट त्याच्या पिंडाला जास्त मानवेल असं वाटतं.

पुढची मोठी फायनल बघाल तेव्हा पहिल्या किलोमीटरच्या वेळेकडे लक्ष ठेवा, ती स्क्रीनवर येते. २ मिनिटं ४० सेकंदांच्या आसपास असेल, तर दमदार धावपटूंची शर्यत चालू आहे आणि आपल्या माणसाने मागे राहून चालणार नाही. २:५० च्या पुढे गेली, तर राष्ट्रीय विक्रम, सर्वोत्तम वेळ, सगळं बाजूला ठेवा आणि एवढंच बघा, की शेवटच्या फेरीची घंटा वाजताना तो घोळक्याच्या आत आहे की बाहेरच्या कडेला, आणि त्याला पुढचा अडथळा दिसतोय का.